पेढीच्या नावाचे ई-टपाल : मांडणी व दक्षता

आपल्या वखारीच्या कपाटातून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा जुना पत्रकागद काढून पाहावा. माथ्यावर इष्टदेवाचे स्मरण, त्याखाली पेढीचे नाव, मालाचे वर्णन, आणि एका कोपऱ्यात ‘तार :’ असे लिहून पुढे एकच शब्द छापलेला बहुधा आढळेल. तो पेढीचा तारेचा पत्ता. तारेत प्रत्येक शब्दाला पैसे पडत. पत्त्याचे शब्दही त्यातच मोजले जात. म्हणून व्यापारी लोक तारखात्याकडे शुल्क भरून एक सुटसुटीत शब्द आपल्या नावे नोंदवून घेत, आणि दूरदेशीच्या अडत्याने तो शब्द व गावाचे नाव एवढेच लिहिले तरी तार बिनचूक दारात येई. शुल्काची मुदत संपली की नोंद नवी करावी लागे; ती चुकली तर शब्द हातचा जाई. जुने मुनीम ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवीत.

जुलै २०१३ मध्ये सरकारने तारसेवा बंद केली. तारेच्या पत्त्याचे काम सांप्रत जी गोष्ट करते तिला डोमेन म्हणतात. ई-मेलच्या पत्त्यात ‘@’ या चिन्हानंतर जे नाव येते ते डोमेन, आणि चिन्हाच्या आधी जे येते ते त्या नावाखालील एका पेटीचे नाव. हे चिन्ह आम्हां व्यापाऱ्यांना परके नाही. बिलावर ‘दराने’ या अर्थी ते आपण पिढ्यानपिढ्या लिहीत आलो आहोत. सन १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन तंत्रज्ञाने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप धाडताना ते पत्त्यात वापरले, आणि बिलातील चिन्ह टपालात गेले.

आज आपल्या सभासदांपैकी अनेकांचा ई-मेलचा पत्ता कोणा मोठ्या कंपनीच्या विनामूल्य सेवेतील असतो. पेढीचे नाव, त्यापुढे दोन-चार आकडे, आणि मग त्या कंपनीचे डोमेन. त्यात कमीपणा काही नाही. टपाल येते आणि जाते. प्रश्न मालकीचा आहे. तो पत्ता ज्याने उघडला, म्हणजे बहुधा एखादा कारकून, भाचा किंवा संगणक दुरुस्त करणारा मुलगा, त्याच्या मोबाइलवर त्याची किल्ली असते. मुनीम नोकरी सोडून गेला की पेढीची दहा वर्षांची पत्रे त्याच्याबरोबर जातात. शिवाय त्याच कंपनीकडून आपल्या नावाशी मिळताजुळता, केवळ एक आकडा निराळा असलेला पत्ता जगातील कोणीही पाच मिनिटांत घेऊ शकतो, आणि परगावच्या गिऱ्हाइकाला त्यांतील खरा कोणता हे ओळखण्याचे साधन उरत नाही.

या धोक्याचे एक उदाहरण वृत्तपत्रांतून गाजले होते. सन २०१५ मध्ये ओएनजीसी या आपल्या सरकारी तेलकंपनीचा नाफ्त्याचा व्यवहार सौदी अरेबियातील एका खरेदीदाराशी चालू होता. लबाडांनी कंपनीच्या डोमेनमधील दोन अक्षरांची अदलाबदल करून, ‘ओएनजीसी’च्या जागी ‘ओजीएनसी’ अशा नावाचा पत्ता निर्माण केला आणि त्यावरून खरेदीदाराला नवा बँक खातेक्रमांक कळविला. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांप्रमाणे सुमारे १९७ कोटी रुपयांची रक्कम भलत्याच खात्याकडे वळली. जेथे कायदेपंडित व हिशेबनीस यांची फौज आहे तेथे असे घडते. मग एका वखारीच्या माडीवर बसून चालविलेल्या पेढीची काय कथा?

आपल्या शास्त्रकारांनी सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. तत्त्वार्थसूत्रात आणि समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या दोन्ही याद्यांतील काही नावे भिन्न असली तरी खोटा लेख तयार करणे आणि ठेव म्हणून सोपविलेली वस्तू दाबून ठेवणे हे दोन दोष दोहोंतही आहेत. कूटलेख आणि न्यासापहार. ई-टपालाच्या व्यवहारात जे काही बिघडते त्यातील बहुतेक या दोन शब्दांत येते. तेव्हा या पाठाचे दोन प्रश्न असे : पेढीचे नाव खरोखर पेढीच्याच ताब्यात आहे काय, आणि आपल्या नावाने दुसरा कोणी पत्र लिहू लागला तर घेणाऱ्याला ते कळेल काय?

प्रथम नावाविषयी. डोमेन विकत मिळत नाही. ते एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीने भाड्याने मिळते. ‘.इन’ हा आपल्या देशाचा प्रत्यय होय. त्याची व्यवस्था सन २००३ मध्ये स्थापन झालेली नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, संक्षेपाने निक्सी, ही संस्था पाहते, आणि सन २००५ पासून त्याची नोंदणी सर्वांस खुली झाली. प्रत्यक्ष नोंद मान्यताप्राप्त नोंदणीदारांकडून करावयाची असते. खर्च वर्षास काही शे ते हजार-दीड हजार रुपये, म्हणजे एका पोत्याच्या हमालीचाच विचार करणाऱ्यालाही जड नाही.

नाव निवडताना आपल्या भागात एक खास अडचण येते, ती स्पेलिंगची. निपाणी हे नाव रोमन लिपीत कोठे एका ‘पी’ने तर कोठे दोन ‘पीं’नी लिहितात. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. ‘शहा’ हे आडनाव एकाच घराण्यातील दोन भाऊ दोन तऱ्हेने लिहितात. फोनवर पत्ता सांगताना ऐकणारा जे स्पेलिंग करील तेच घ्यावे, आणि शक्य तर त्याचे सर्वांत जवळचे दुसरे रूपही आपणच नोंदवून ठेवावे. ओएनजीसीच्या प्रकरणावरून हा जादा खर्च का करावा हे ध्यानी येईल. गावाचे नाव डोमेनमध्ये न घातलेले बरे, असे माझे मत आहे.

देवनागरीतही डोमेन मिळते. ‘.भारत’ हा प्रत्यय ऑगस्ट २०१४ मध्ये खुला झाला आणि त्यात मराठी व कोंकणी यांचा पहिल्यापासून समावेश होता. देवनागरी पत्त्यावर ई-मेल धाडण्याचे तांत्रिक नियम सन २०१२ मध्ये ठरले; राजस्थान सरकारने २०१७ मध्ये असे हिंदी पत्ते देण्यास आरंभही केला. तथापि पाठविणाऱ्याचे, घेणाऱ्याचे आणि मधले अशी सर्व यंत्रे तो नियम पाळणारी असली तरच असे पत्र पोचते, आणि आजही कित्येक ठिकाणचे अर्ज देवनागरी पत्ता पाहताच ‘अयोग्य’ म्हणून परत करतात. म्हणून मराठी नावाची पाटी अवश्य घ्यावी, परंतु व्यवहार रोमन नावावर चालवावा.

आता आमच्याच पेढीची एक चूक सांगतो. आम्ही डोमेन घेतले तेव्हा ते काम संगणकाचे काम करणाऱ्या एका होतकरू तरुणाकडे सोपविले. त्याने नोंद स्वतःच्या नावे आणि स्वतःच्या ई-मेलवर केली. त्याच्या मनात कपट नव्हते; फॉर्म भरताना समोर जे नाव सुचले ते त्याने लिहिले. पुढे तो पुण्यास नोकरीला गेला. मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या जुन्या पेटीत पडत राहिल्या आणि एका सोमवारी आमचे टपाल बंद झाले. आलेले प्रत्येक पत्र ‘असे नाव अस्तित्वात नाही’ अशा शेऱ्यानिशी परत जाऊ लागले. नऊ दिवसांनी, सवलतीची मुदत अजून शिल्लक होती म्हणून, नाव परत हाती आले. पैशाचे नुकसान थोडे. परंतु मंगळूरकडील एका जुन्या घेणेकऱ्याने मध्यस्थाकडे चौकशी केली की ही पेढी उठली की काय. तंबाखूच्या धंद्यात माल उधारीवर जातो आणि शब्दावर येतो. अशी एक चौकशी बाजारात फिरली की ती मिटवायला हंगाम जातो. सवलतीची मुदतही उलटून नाव मोकळे झाले असते तर ते कोणीही घेतले असते, आणि आमच्या नावाने येणारी पत्रे त्याने उघडून वाचली असती.

म्हणून नोंद पेढीच्या नावे असावी, पैसे पेढीच्या खात्यातून भरावेत, आणि किल्ली किमान दोन भागीदारांजवळ असावी. आणखी एक बारीक गोष्ट बरेच जण चुकतात. नोंदणीदाराकडे संपर्कासाठी जो ई-मेल द्यावयाचा तो त्याच डोमेनमधला देऊ नये. डोमेन बंद पडले तर ते सुरू करण्याची सूचना बंद पडलेल्या पत्त्यावरच जाईल. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवण्यासारखे ते आहे.

नाव झाले, आता टपालघर. ई-मेल ज्या यंत्रावर येऊन पडतो त्याला मेल सर्व्हर म्हणतात. डोमेन एक गोष्ट आणि सर्व्हर दुसरी. हा भेद समजण्यासाठी आपल्या गावाजवळचेच उदाहरण पुरेसे आहे. अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. परंतु त्याच्या पत्त्यात ‘निपाणीमार्गे’ असे लिहितात आणि पिन क्रमांक निपाणीचा असतो. संस्था एका राज्यात, तिचे टपाल दुसऱ्या राज्यातील कचेरीतून. डोमेनच्या जाहीर नोंदवहीत ‘आमचे टपाल अमुक कचेरीमार्गे धाडावे’ असे सांगणारी जी ओळ असते तिला एमएक्स नोंद म्हणतात. ही नोंदवही, म्हणजे डीएनएस, सन १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी रचली. एमएक्स नोंदीत कचेरीच्या नावाआधी एक आकडा असतो. लहान आकड्याची कचेरी आधी, ती बंद असेल तर मोठ्या आकड्याची. नोंदीत कचेरीचे मूळ नावच लिहावे. यंत्राचा अंकी पत्ता किंवा टोपणनाव तेथे चालत नाही.

सर्व्हर आपल्याच वखारीत ठेवावा काय, असे काही तरुण सभासद विचारतात. तसे करता येते. लिनक्स यंत्रावर पोस्टफिक्स हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. व्हित्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये काम करीत असता तो लिहिला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. वीज तास-दोन तास गेली म्हणून येणारी पत्रे हरवत नाहीत. पाठविणारे यंत्र ती राखून ठेवते आणि साधारणतः चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करते. अडचण पत्रे बाहेर धाडण्यात आहे. त्यासाठी न बदलणारा अंकी पत्ता हवा, त्या अंकावरून उलट आपले नाव सापडले पाहिजे, आणि टपालाचे जे द्वार, म्हणजे पोर्ट २५, ते इंटरनेट पुरविणाऱ्याने खुले ठेवले पाहिजे. घरगुती जोडणीवर ते बहुधा बंदच असते. शिवाय यंत्राला रोज कोणीतरी पाहावे लागते. तेव्हा ज्यांच्या घरी या विद्येत खरोखर रस असलेला मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी शिकण्यासाठी जरूर करावे. इतरांनी पेट्यांच्या संख्येप्रमाणे दरमहा भाडे घेणाऱ्या सेवेकडे टपाल सोपवावे. चेन्नईची झोहो, तसेच गूगल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्या अशी सेवा देतात. नाव आपले आणि टपालघर भाड्याचे असले म्हणजे उद्या कंपनी पसंत पडली नाही तर एमएक्स नोंद बदलून दुसरीकडे जाता येते, पत्ता तोच राहतो. सबंध खटाटोपाचा खरा लाभ येथे आहे.

ज्यांनी स्वतःचा सर्व्हर उभारला आहे त्यांच्यासाठी एक मुद्दा विस्ताराने लिहितो, कारण एकत्र कुटुंबांच्या पेढ्यांत तो हमखास आड येतो. एकाच यंत्रावर अनेक डोमेनांचे टपाल ठेवता येते. थोरल्या भावाची तंबाखूची पेढी आणि धाकट्याचे किराणा दुकान, दोघांची डोमेने निराळी पण यंत्र एक, असे पुष्कळ ठिकाणी असते. यंत्राला ‘ही डोमेने तुझी’ असे सांगावे लागते. ज्याचे नाव सांगितले नाही त्याचे पत्र ते नाकारते, आणि तेच योग्य आहे. सर्वांचीच पत्रे घेऊन पुढे धाडणारे यंत्र लबाडांचे आवडते ठिकाण होते व काही तासांत जगाच्या काळ्या यादीत जाते. पोस्टफिक्समध्ये ‘ही माझी’ असे सांगण्याच्या दोन जागा आहेत. एक ‘मायडेस्टिनेशन’, त्यात लिहिलेल्या सर्व डोमेनांच्या पेट्या सामाईक असतात. म्हणजे थोरल्याच्या ‘हिशेब’ या पत्त्यावर आणि धाकट्याच्या ‘हिशेब’ या पत्त्यावर आलेली पत्रे एकाच पेटीत पडतात. दुसरी जागा ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स’. तीत प्रत्येक डोमेनचे खाते अगदी स्वतंत्र राहते. दोन पेढ्यांचा जमाखर्च एका वहीत लिहिणे जितके गैर, तितकेच त्यांचे टपाल एका पेटीत घेणे. म्हणून व्यापाऱ्याने दुसरी जागाच वापरावी. आणि एकच डोमेन दोन्ही जागी मुळीच लिहू नये. यंत्र लेखी इशारा देते, पण बंद पडत नाही. पत्रे मात्र भलत्याच पेटीत जातात किंवा ‘असा मनुष्य येथे नाही’ म्हणून परत फिरतात, आणि चूक शोधण्यात दोन दिवस जातात.

पेट्यांची नावे माणसांवरून न ठेवता कामावरून ठेवावीत. विक्री, हिशेब, वसुली, वाहतूक अशी नावे असली की मुनीम बदलला तरी बाजाराला नवा पत्ता कळवावा लागत नाही. ‘पोस्टमास्टर’ या नावाची पेटी प्रत्येक डोमेनला असलीच पाहिजे असा टपालाचा नियमच आहे. प्रत्येक पेटीला दुहेरी कुलूप, म्हणजे परवलीच्या शब्दाबरोबर मोबाइलवरील दुसरी खूण, लावावी.

आता कूटलेखाचा प्रश्न. ई-टपालाचे मूळ नियम सन १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिले तेव्हा जाळ्यावरील माणसे थोडी आणि एकमेकांस ओळखणारी होती. पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव घालावे, यंत्र हरकत घेणार नाही, अशी ती रचना होती आणि अजूनही मुळात तशीच आहे. तिला पुढे तीन कुंपणे घातली गेली. तिन्ही त्याच डीएनएस नोंदवहीत साध्या मजकुराच्या ओळी म्हणून लिहावयाची असतात.

पहिली ओळ एसपीएफ. ‘आमच्या नावाची पत्रे फक्त अमुक यंत्रांवरून निघतात’ अशी ती यादी. अमुक आंगडियाखेरीज आमची रक्कम कोणी आणीत नाही, असे अडत्याला आधीच कळवून ठेवावे तसे. ही ओळ डोमेनला एकच असावी. दोन झाल्या तर दोन्ही निरर्थक ठरतात. टपालघर बदलताना लोक जुनी ओळ न काढता नवी जोडतात, ही अगदी नेहमीची चूक. आणि यादी करताना बिले धाडणारा हिशेबाचा प्रोग्राम आणि संकेतस्थळ हीही आपल्या नावाने पत्रे पाठवितात, हे विसरू नये.

दुसरी डीकेआयएम. ही मोहर होय. सर्व्हरजवळ एक गुप्त किल्ली असते, तिने तो प्रत्येक पत्रावर अंकांची सही करतो. त्या किल्लीची जोडीदार उघड किल्ली नोंदवहीत सर्वांसाठी ठेवलेली असते. घेणारे यंत्र दोन्ही ताडून पाहते. वाटेत सही केलेल्या मजकुरात एक आकडा बदलला तरी मोहर जुळत नाही. किल्ली २०४८ बिटांची घ्यावी.

तिसरी डीएमएआरसी. पहिल्या दोहोंत एक फट राहते. एसपीएफ पाकिटावरचा परतीचा पत्ता तपासते, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येते ते आतल्या कागदावरचे नाव. दोन्ही भिन्न असू शकतात. कागदावरचे नाव एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एकाने सिद्ध झालेल्या नावाशी जुळावे, न जुळल्यास काय करावे, आणि त्याचा अहवाल कोठे धाडावा, हे ही तिसरी ओळ सांगते. तीत तीन पायऱ्या आहेत : काही करू नये, फक्त कळवावे; संशयित म्हणून बाजूला ठेवावे; साफ नाकारावे. पहिल्या दिवशीच तिसरी पायरी चढू नये. चार-सहा आठवडे केवळ अहवाल पाहावेत. आपलीच विसरलेली एखादी यंत्रणा त्यात हटकून सापडते. तिची व्यवस्था लावून मग दुसरी व पुढे तिसरी पायरी घ्यावी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांस या तिन्ही ओळी सक्तीच्या केल्या. आपली पत्रे तेवढी नसतात. तरीही मोहरेवाचून आलेले पत्र हल्ली पुष्कळदा कचऱ्याच्या पेटीत पडते.

या तिन्ही कुंपणांची मर्यादाही सांगितली पाहिजे. आपले नाव जसेच्या तसे वापरणाऱ्याला ती अडवितात. अक्षरांची अदलाबदल करून दुसरे नाव घेणाऱ्याला ती अडवीत नाहीत, कारण त्याच्या नावापुरता तो खराच असतो. तसेच मुनिमाचा परवलीचा शब्द चोरून आपल्याच पेटीतून कोणी पत्र धाडले तर मोहर अस्सलच उमटते. म्हणून बँक खाते बदलल्याचे पत्र आले की आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून माणसाचा आवाज ऐकल्याखेरीज पैसे पाठवू नयेत. त्या पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन करण्यात अर्थ नाही. पैसे गेल्याचे ध्यानी येताच बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर त्याच घटकेस कळवावे. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी गोठविता आली तर आली.

टपालघर बदलण्याचा दिवस निवडताना एक सूचना. पाडव्याला नव्या वह्या सुरू करतो म्हणून नवा पत्ताही त्याच मुहूर्तावर सुरू करण्याचा मोह होतो. त्या दिवशी पेढीत गर्दी असते आणि चुका पाहायला कोणी मोकळा नसतो. प्रत्यक्ष बदल आधीच्या एखाद्या रविवारी करावा. त्याच्या दोन दिवस आधी नोंदींची टिकण्याची मुदत कमी करून ठेवावी, म्हणजे जगभरच्या यंत्रांना नवी ओळ लवकर दिसते. मग दोन-तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या पत्त्यांवर पत्रे धाडून व तेथून मागवून तिन्ही ओळी जुळतात की नाही ते पाहावे, आणि मुहूर्ताला फक्त जाहीर करावे.

जुना विनामूल्य पत्ता लगेच बंद करू नये. निदान वर्षभर त्यावरची पत्रे नव्या पेटीत वळवावीत, आणि जीएसटीची नोंदणी, बँक, विमा, वाहतूकदार, वीजमंडळ अशा एकेका ठिकाणचा पत्ता बदलून त्या ठिकाणावर वहीत खूण करीत जावे. नवे बिलबुक छापताना ‘तार :’ असे ज्या कोपऱ्यात असे तेथे नवा पत्ता घालावा, आणि बँक खात्याच्या क्रमांकाखाली बारीक पण ठळक अक्षरांत एक ओळ छापून घ्यावी : ‘हा खातेक्रमांक बदलल्याचे आम्ही केवळ ई-मेलने कधीही कळवीत नाही.’